चोरीचे कलम

'कलम' हा शब्द वर्गात शिकवताना मला नेहमी थोडी घाई होते. कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्यातला एक तुकडा, आणि कलम म्हणजे एका झाडाच्या अंगावर दुसरे झाड वाढवण्याची युक्ती. 'फारसीच्या वाटेने आलेला हा पाहुणा आपल्याकडे तीन खोल्या अडवून बसला आहे,' असे मी म्हणते, मुले हसतात, आणि मी लगबगीने पुढच्या शब्दाकडे वळते. कारण ह्या तिन्ही खोल्यांतून माझे जाणेयेणे झालेले आहे. लेखणी तर मी पोटासाठीच चालवते. झाडाचे कलम मी केले आहे. आणि ज्या दिवशी ते केले, त्या दिवशी कायद्याचे जे कलम मला लागू होत होते त्याचा आकडा ३७९. चोरीचे. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली आणि चोरीचे कलम ३०३ झाले म्हणतात. पण माझा गुन्हा जुन्या कायद्यातला आहे.

आम्ही खडकीत राहतो. खडकी म्हटले की पुण्याच्या माणसाला दारूगोळ्याचा कारखाना आठवतो, पलटणी आठवतात, फार तर ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते. फुले कुणाला आठवत नाहीत. खरे तर ह्या गावाइतकी हौशी बागवान मंडळी मी सदाशिव पेठेतही पाहिली नाहीत. फरक इतकाच, की सदाशिव पेठेत माणसाजवळ जागा नसते आणि खडकीत असलेली जागा त्याची स्वतःची नसते. इथे निम्मे गाव क्वार्टरांतून राहते. बदली होऊन माणूस येतो, पहिल्या पावसाळ्यात कुंपणाला मेंदी लावतो, दुसऱ्यात मोगरा, तिसऱ्यात आंबा. आणि आंब्याला मोहोर यायच्या वर्षी त्याच्या हातात बदलीचा कागद पडतो. मागून येणाऱ्याला आंबा मिळतो. तो आंबा खातो आणि चिकू लावतो. असे हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले आहे.

आमचे घर मात्र क्वार्टर नव्हे. ते जुने, कौलारू आणि भाड्याचे. आमच्या मोरीमागच्या भिंतीपलीकडे एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीतली शेवटची क्वार्टर होती, आणि तिथे गुलाबवाले काका राहत. २०१३ साली आम्ही इथे आलो तेव्हा सामानाचा टेम्पो रिकामा होण्याआधीच भिंतीवरून एक डोके वर आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडं सकाळचं ऊन फार चांगलं येतं. वाया घालवू नका."

काका कारखान्यात यंत्रांवर काम करीत. हजाराव्या भागाचे माप पाहायची सवय हातात मुरलेली. गुलाबाचा खड्डा ते दोन फूट खोल घेत. एक फूट अकरा इंच झाला तर पुन्हा पहार उचलीत. खडकी हे नाव कुणी ठेवले त्याला बागेची हौस असावी, कारण आमच्याकडे हातभर खणले की खडक लागतो. काका तो फोडून काढीत आणि त्यात लाल माती, कुजलेले शेणखत, नीमपेंड आणि हाडांचा चुरा असा थर भरीत. त्यांच्या त्या चिमुकल्या आवारात एकतीस झाडे होती आणि प्रत्येकाच्या पायाशी पत्र्याची पाटी. ग्लॅडिएटर, सुपर स्टार, क्वीन एलिझाबेथ, डबल डिलाइट, पीस. कारखान्यातल्या मापाच्या पट्टीवर अक्षरे कोरतात तशी ती कोरलेली.

दर जानेवारीत प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते. ती बाग ज्या संस्थेची, ती १८३० सालची. आणि प्रदर्शनात भाग घेणारे लोक ते इतक्या गंभीरपणे घेतात की जणू त्या सालापासून त्यांचीच वाट पाहिली जात आहे. काकांचे वर्ष जानेवारीपासून नव्हे, प्रदर्शनापासून मागे मोजले जाई. छाटणीनंतर फूल यायला सात-आठ आठवडे लागतात. म्हणून एरवीची झाडे पावसाळा सरला की ऑक्टोबरात छाटायची, आणि प्रदर्शनाची नोव्हेंबर संपताना. आमच्या घरी दिवाळीत फराळाची घाई आणि त्यांच्या घरी कात्रीला धार लावण्याची. पहाटे फूल कापायचे, बादलीतल्या गार पाण्यात मानेपर्यंत बुडवून ठेवायचे आणि स्कूटरवर काकूंनी ती बादली मांडीवर घेऊन खडकीपासून रेसकोर्सपलीकडे न्यायची. काकू म्हणायच्या, "लग्नाच्या वरातीत सुद्धा मी इतकी ताठ बसले नव्हते."

मला काकांनी शिकवले. मी त्यांना शब्द सांगे, ते मला झाड सांगत. 'गुलाब' म्हणजे मुळात गुलाबपाणी, 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, असे मी एकदा म्हणाले तेव्हा ते विचारात पडले आणि म्हणाले, "म्हणजे पाणी कमी पडलं तर नावच जातं." ह्यापेक्षा चांगली व्युत्पत्ती मी वर्गात सांगितलेली नाही.

त्यांची सर्वांत आवडती गोष्ट 'पीस' गुलाबाची. पिवळ्या पाकळीला गुलाबी कड असलेले हे फूल फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँ नावाच्या माणसाने तयार केले. १९३९ साली युद्ध तोंडावर आले तेव्हा त्याने त्याच्या डोळकाड्या निरनिराळ्या देशांतल्या बागवानांकडे पाठवून दिल्या. मग सरहद्दी बंद झाल्या, पत्रे थांबली. काड्या मात्र वाढल्या. आणि कुणाला कुणाचा पत्ता नसल्यामुळे जर्मनीत त्याचे नाव 'ग्लोरिया डेइ' पडले, इटलीत 'जोइया', फ्रान्समध्ये त्याने आईचे नाव दिले होते, आणि अमेरिकेत २९ एप्रिल १९४५ ला 'पीस' हे नाव जाहीर झाले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेला आलेल्या शिष्टमंडळांना ह्याच गुलाबाचे एकेक फूल दिले होते. ही गोष्ट संपवताना काका नेहमी म्हणायचे, "बाई, झाड राखायचं असेल ना, तर वाटून टाकावं. आपल्याकडचं मेलं तर दुसऱ्याकडं असतं."

आणि हेच काका एका झाडाची काडी कुणालाही देत नसत.

ते झाड मोरीच्या बाजूला, कोपऱ्यात होते. त्याच्या पायाशी पाटी नव्हती. फिकट गुलाबी, मध्यम आकाराचे, पाकळ्या जरा विस्कटलेल्या. प्रदर्शनात पंचांनी वळूनही पाहिले नसते असे फूल. पण वास! पाऊस थांबल्यानंतरच्या सकाळी तो भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येई आणि फोडणीच्या वासाशी न भांडता शेजारी बसे. ते झाड काकूंनी माहेरून, वाईजवळच्या त्यांच्या खेड्यातून आणलेले. वाडा पडला, भाऊबंदांनी जागा विकली, विहीर बुजली; त्यातले एवढेच उरले. नाव कुणालाच ठाऊक नव्हते. मी दोनदा काडी मागितली. दोन्ही वेळा काका म्हणाले, "ह्यातलं दुसरं काहीही न्या. ते हिचं आहे." काकू तेव्हा आत होत्या.

आमच्या बागेविषयी फार सांगण्यासारखे नाही. आमच्या घरी ह्यांना मध्यंतरी 'लँडस्केपिंग'चे वेड लागले होते. एक गृहस्थ नकाशा घेऊन आले; त्यात दगडांची पायवाट, पाण्याचा हौद आणि हिरवळ होती. हौद आणि पायवाट अंदाजपत्रक पाहून गळाली. हिरवळीचे तुकडे मात्र गालिच्यासारखे गुंडाळून आले, अंथरले गेले, आणि सासूबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिले. "अगं, ही तर हरळी!" खरेच होते. शेतकरी शिव्या घालीत जी उपटतो ती हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा आणि चौरस फुटाच्या भावाने विकत घेतो ती लॉन, वनस्पती एकच. आम्ही तिसऱ्या नावाचे पैसे दिले होते.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या बागेत 'होस्टा' नावाची झाडे आहेत आणि ती फोटो पाठवून मला जळवते. मोठी, शिरा उठलेली, कुठे निळसर तर कुठे पांढऱ्या काठाची पाने. सावलीत जोमाने वाढतात. मूळची जपान, चीन, कोरियाकडची. पुण्यात ती टिकत नाहीत, कारण त्यांना हिवाळ्यात गोठून झोपावे लागते आणि आमचा हिवाळा त्यांना डुलकीपुरताही पुरत नाही. तिकडे हरणे येऊन ती रातोरात फस्त करतात, म्हणून तिची तक्रार. जपानात तर माणसेही होस्ट्याचे कोवळे कोंब भाजी करून खातात, हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांना उलगडा झाला. "मग अळूच की तो!" आणि आमच्या मोरीच्या पाण्यावर कमरेइतके वाढलेले अळू त्यांनी मला नव्या आदराने दाखवले. ह्या अळूचा उल्लेख मी उगीच केलेला नाही. पुढे ते उपयोगी पडायचे आहे.

काकू आणि मी कधी कधी संध्याकाळी होळकर पुलाजवळच्या युद्धस्मशानाकडे फिरायला जात असू. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानात मेलेल्या, इतरत्र पुरलेल्या सैनिकांच्या कबरींची निगा कायम राहील याची शाश्वती नव्हती, म्हणून त्या इथे एकत्र आणल्या. १,६६८ आहेत. नावाचे दगड सारे सारखे, हुद्द्याचा भेद नाही. भोवती कापलेली हिरवळ आणि दगडांच्या ओळींतून फुलझाडे. पहिल्या महायुद्धानंतर अशा जागांच्या बागा कशा असाव्यात हे ठरवताना गर्ट्रूड जेकिल ह्या बागकामात मुरलेल्या इंग्रज बाईंचा सल्ला घेतला होता. त्यामुळे तिथे गेल्यावर कवायतीच्या मैदानापेक्षा घराच्या परसाची आठवण होते. काकू एका दगडावरचे वय वाचून थांबल्या. एकवीस. "ह्यांच्या आयांना इथं यायला कुठलं जमणार," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र कुणीतरी घालतंच आहे."

२०१८ च्या नोव्हेंबरात काकूंना इस्पितळात ठेवले. काका दिवसरात्र तिकडे. जाताना त्यांनी फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. "पाणी तेवढं घाला, बाई." मी रोज सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी पाणी घालू लागले. नवव्या की दहाव्या दिवशी मी पाण्याच्या झारीबरोबर घरातले पाते घेऊन गेले.

ते झाड वाचावे म्हणून मी काडी घेतली, असे मला आज म्हणता येईल, आणि कुणी खोडूनही काढणार नाही. पण ते खरे नाही. तेव्हा झाड ठणठणीत होते. मला ते हवे होते. दोनदा 'नाही' ऐकलेले होते, फाटकाची किल्ली माझ्याजवळ होती, आणि पाहणारे कुणी नव्हते.

नुकतेच फूल झडलेली, शिसपेन्सिलीच्या जाडीची फांदी निवडायची. पाने कापायची पण देठ ठेवायचे. ओल्या फडक्यात गुंडाळायची. खुंटाच्या सालीवर टी अक्षरासारखा काप घ्यायचा, साल हलकेच उचलायची, ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायचे. सगळे काकांनी शिकवलेले. त्यांच्याच विद्येने मी त्यांचे घर फोडले. अडीच-तीन आठवड्यांनी देठाला बोट लावून पाहायचे. देठ वाळून चिकटून बसला तर डोळा मेला. नुसत्या स्पर्शाने गळून पडला तर लागला. माझा गळून पडला. मला इतका आनंद झाला, की त्याच दुपारी इस्पितळात काकूंना भेटायला गेले तेव्हा मला त्यांच्याकडे नीट पाहवेना.

जानेवारीत काकू गेल्या. त्या वर्षी काका प्रदर्शनाला गेले नाहीत.

चोरीचे झाड मी मोरीच्या बाजूला, अळूच्या आड लावले होते. ऊन भरपूर, आणि भिंतीवरून डोकावले तरी दिसू नये अशी ती जागा. पण वासाचे काय करायचे, हा विचार मी केला नव्हता. मार्चमध्ये पहिली कळी आली, फुगली, रंग दिसू लागला, आणि मी ती खुडली. दुसरीही खुडली. पुढची तीन वर्षे त्या झाडावर एकही फूल मी उमलू दिले नाही. सासूबाईंनी एकदा विचारले, "हे झाड तू लावलंस कशाला?" मी म्हणाले, कीड आहे.

३० एप्रिल २०२२ रोजी काका निवृत्त झाले. क्वार्टर आणखी काही महिने ठेवता आली असती. पण मुलाने पिंपरीला, संत तुकाराम नगरात नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि त्याला बाबांना एकटे ठेवायचे नव्हते. एकतीस झाडांपैकी बहुतेक काकांनी वाटून टाकली. कोपऱ्यातले मात्र त्यांनी मे महिन्याच्या उन्हात स्वतः खणले, मुळांभोवतीचा गड्डा गोणपाटात बांधला आणि टेम्पोत स्वतः शेजारी बसून नेले. मे महिन्यात जुना गुलाब उपटायचा नसतो हे मला कळत होते तर त्यांना कळत नव्हते असे कसे म्हणू? तीन आठवड्यांनी फोन आला. "गेलं, बाई. काड्याही लावून पाहिल्या. वाळल्या." मी भिंतीशी उभी होते. अळूपलीकडे ते झाड दिसत होते. "अरेरे," मी म्हणाले.

सांगायला काय लागत होते? एक वाक्य. मराठीची प्राध्यापिका, वाक्ये करणे हाच माझा धंदा. पण ते वाक्य 'माझ्याकडे आहे' इथे संपत नव्हते. 'केव्हापासून?' हा प्रश्न त्याच्या मागोमाग येणार होता. सुमारे दीड वर्ष मी गप्प राहिले.

माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असेही नाही. त्या पावसाळ्यानंतर झाड शेंड्याकडून काळे पडत वाळू लागले, इतकेच. गुलाबाला हा रोग होतो. वेळीच खाली निरोग्या भागापर्यंत कापून लेप लावला नाही तर तो खोडापर्यंत उतरतो. मी कापले, बोर्डो पेस्ट लावली, आणि रात्री झोप येईना. ह्या जातीचे झाड मला माहीत असलेल्या जगात एवढे एकच होते, आणि ते चोराच्या घरी मरत होते. हिवाळ्यात मी तीन खुंटांवर डोळे भरले. दोन लागले. जुने झाडही सावरले.

२०२३ च्या डिसेंबरात त्यांतली एक कुंडी, वर अर्धे उमललेले एक फूल, अशी मी रिक्षात मांडीवर घेऊन निघाले. बोपोडी, हॅरिस पूल, दापोडी, कासारवाडी. खड्डा आला की मी कुंडी उचलून धरीत होते आणि मला काकूंची बादली आठवत होती.

काकांनी दार उघडले. काही बोलायच्या आधी त्यांचे नाक वर झाले. मग त्यांनी कुंडी माझ्या हातून घेतली, गॅलरीत नेली, चष्मा लावला आणि फुलाकडे न पाहता खाली, जिथे डोळा भरला होता तिथे पाहिले.

"कुणी भरला?"

"मी."

"हा लहान आहे. मोठं झाड असेल."

"आहे."

"किती वर्षांचं?"

"पाच."

त्यांनी मोजले असावे. यंत्रावर काम केलेला माणूस. बराच वेळ खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "पट्टी फार घट्ट बांधलीत. वळ पडलाय बघा." आणि थोड्या वेळाने, कुंडीच्या काठावरची माती सारखी करीत, "तिला विचारलं असतंत तर तिनं दिली असती. तिचं काही नव्हतं. मीच देत नव्हतो."

चहा झाला. निघताना त्यांनी कुंडी पुन्हा माझ्या हातात दिली. मला वाटले, राग. पण ते गॅलरीच्या कठड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इथं ऊन तीन तास. ह्याला सहा लागतं. तुमच्याकडं सकाळचं ऊन चांगलं आहे."

तेव्हापासून काका महिन्यातून दोन रविवार येतात. मेट्रोने बोपोडीला उतरतात आणि तिथून चालत. स्वतःची कात्री स्वतः आणतात. माझ्याशी फारसे बोलत नाहीत, सासूबाईंशी बोलतात. पलीकडे आता दुसरे कुटुंब आहे आणि त्या कोपऱ्यात मोटार उभी करण्यासाठी फरशी घातली आहे. काका भिंतीवरून पाहत नाहीत. आम्ही अळू थोडे कमी केले आहे.

गेल्या ऑक्टोबरात ते छाटणीला आले. कमरेएवढे वाढलेले झाड त्यांनी गुडघ्यापर्यंत आणले, कापांना लेप लावला. मग जमिनीवर पडलेल्या फांद्यांतून पेन्सिलीच्या जाडीच्या तेवढ्या निवडून ते ओट्यावर बसले. पाने कापली, देठ ठेवले, पाच-पाचच्या जुड्या केल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि खिशातून यादी काढून प्रत्येक पुडक्यावर एकेक नाव लिहिले. झाडाचे नव्हे, माणसाचे. कारखान्यातले जुने सोबती होते, सोसायटीचा माळी होता, न्यायला येणारी वाईकडची एक भाची होती. एका पुडक्यावर न्यू जर्सी लिहायची त्यांची फार इच्छा होती. परदेशी झाडाची काडी अशी नेऊ देत नाहीत हे मी कसेबसे पटवले.

सासूबाईंनी चहा विचारला.

"नको," काका पिशवी उचलत म्हणाले, "काड्या वाळतील."